कॉइलमधली वीज थांबवताना

जोरात वाहणारा नळ झटकन बंद केला, की भिंतीतला पाइप ‘धाड्’ असा वाजतो. वेगात आलेल्या पाण्याला एकदम थांबता येत नाही, आणि त्याचा सगळा जोर पाइपावर आदळतो. स्टेपर मोटर घेऊन माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी आधी हा आवाज आठवायला सांगतो. सर्किट जळते ते बहुतेकांना वाटते तसे वीज सुरू करताना नव्हे. पुष्कळदा ते वीज थांबवताना जळते.

मुलांच्या हातात बहुधा २८बीवायजे-४८ ही मोटर असते. चपटी, गोल डबी आणि पाच रंगीत तारा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत सहज मिळते. आतल्या दातेरी चाकांमुळे बाहेरचा दांडा एका फेरीला सुमारे २,००० पावले टाकतो. इतक्या स्वस्त वस्तूत इतकी नेमकी चाल, याचे मला अजून अप्रूप आहे.

मोटर एवढीशी, म्हणून तारा थेट आर्डुइनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डाच्या पिनांना जोडायचा मोह होतो. तिथे गणित करावे. पाच व्होल्टच्या या मोटरच्या एका कॉइलचा रोध साधारण ५० ओहम, म्हणजे करंट १०० मिलिअँपिअर. आर्डुइनो उनोवरच्या एटमेगा३२८पी चिपची एक पिन जास्तीत जास्त ४० मिलिअँपिअर सोसते, आणि तीही नाइलाजाची हद्द. २० च्या आत राहावे हे बरे. वर दोन कॉइल बऱ्याचदा एकाच वेळी चालू असतात. अशी पिन कधी लगेच जाते, कधी काही दिवस चालून मान टाकते. हा दुसरा प्रकार फार वाईट. एका मुलीचा अख्खा दिवस कोड तपासण्यात गेला होता. कोड बरोबर होता, पिन मेली होती.

म्हणून मध्ये यूएलएन२००३ ही आयसी घालायची. पिनने फक्त खूण करायची, भार या आयसीतल्या ट्रान्झिस्टरांच्या जोड्यांनी वाहायचा. तिच्या सात वाटांपैकी प्रत्येकीची कमाल ताकद ५०० मिलिअँपिअर आहे.

आता तो ‘धाड्’. कॉइलभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रात ऊर्जा साठलेली असते. ट्रान्झिस्टर बंद झाला तरी कॉइल करंट वाहता ठेवू पाहते, आणि वाट मिळाली नाही तर तिच्या टोकाशी व्होल्टेज उसळते. हा उसळता दाब पाच व्होल्टच्या कितीतरी पट होऊन ट्रान्झिस्टर फोडू शकतो. उपाय साधा आहे: एक डायोड उलटा जोडायचा. एरवी तो गप्प असतो; वीज तुटताच कॉइलच्या करंटला फिरून यायला वाट देतो, आणि करंट त्या वाटेत विरून जातो. यूएलएन२००३ मध्ये असे डायोड आतच आहेत. मात्र तिची नऊ नंबरची ‘कॉमन’ पिन मोटरच्या सप्लायच्या धन टोकाला जोडलेली हवी. ती मोकळी राहिली, तर डायोड असून नसल्यासारखे. या आयसीच्या तयार बोर्डावर ही जोडणी केलेली असते. ब्रेडबोर्डवर स्वतः मांडताना ती हमखास राहून जाते.

मोटरला सप्लाय वेगळा द्यावा, कारण तिच्या ओढीने व्होल्टेज खाली आले की मायक्रोकंट्रोलर मध्येच रीसेट होतो. दोन्हींचा ग्राउंड मात्र एकत्र हवा, नाहीतर पिनची खूण आयसीला कळणारच नाही.

थ्री-डी प्रिंटरमधल्या याहून मोठ्या नेमा १७ मोटरला मात्र ए४९८८ सारखा ड्रायव्हर, म्हणजे मोटरचा भार वाहणारा बोर्ड, लागतो. तो करंट भराभर तोडून-जोडून ठरावीक मर्यादेत ठेवतो. ती मर्यादा बोर्डावरच्या बारीक स्क्रूने आधी लावून घ्यावी, आणि ड्रायव्हरजवळ सप्लायवर १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसवावा. सप्लाय चालू असताना मोटरची तार कधीही ओढू नये. कॉइलचा करंट तिथेच तुटतो, आणि त्या एका झटक्यात ड्रायव्हर जाऊ शकतो. आधी सप्लाय बंद, मग तारेला हात.