तारा जमिनीत गेल्या, चुंबकीय क्षेत्राचं काय?

जुन्या काशीतल्या गल्ल्यांवर लोंबणारं विजेच्या तारांचं जंजाळ एकात्मिक ऊर्जा विकास योजनेतून बऱ्याच अंशी भूमिगत केबलमध्ये गेलं. अशा कामानंतर एक समज सहज रुजतो: तारा पुरल्या, की त्यांचं चुंबकीय क्षेत्रही मातीआड गेलं. तसं होत नाही. माती, वीट, फरशी यांतून चुंबकीय क्षेत्र जवळपास आरपार जातं. जमिनीत अडतं ते विद्युत क्षेत्र. घोटाळा होतो तो ही दोन क्षेत्रं एकच मानल्याने. विद्युत क्षेत्र दाबावर, म्हणजे व्होल्टवर ठरतं. चुंबकीय क्षेत्र प्रवाहावर, म्हणजे अँपिअरवर. म्हणूनच 11,000 व्होल्टच्या पण भार नसलेल्या वाहिनीपेक्षा घरोघरी वीज पुरवणाऱ्या, भरपूर भार असलेल्या लघुदाब तारेभोवती ते जास्त असतं.

तांब्याला लोहचुंबक चिकटत नाही, मग तांब्याच्या तारेभोवती चुंबकत्व कुठून येणार, असा आक्षेप येतो. त्याचं उत्तर 1820 साली कोपनहेगनमध्ये हान्स ख्रिश्चन ओर्स्टेड यांच्या प्रयोगात मिळालं. प्रवाह सुरू होताच तारेजवळची होकायंत्राची सुई वळली. क्षेत्र निर्माण करतो तो वाहणारा विद्युतभार, आणि ते तारेभोवती वर्तुळाकार असतं. मग केबलजवळ होकायंत्र ढिम्म का राहतं? ओर्स्टेड यांच्या तारेत बॅटरीचा, एकाच दिशेचा प्रवाह होता. आपल्या विजेची दिशा सेकंदाला 100 वेळा उलटते. सुईला तेवढ्या वेगाने वळता येत नाही. क्षेत्र मात्र असतंच.

तरीही भूमिगत केबलने फरक पडतो, पण कारण वेगळं आहे. 100 अँपिअर वाहणाऱ्या एकट्या लांब सरळ तारेपासून 1 मीटरवर क्षेत्र 20 मायक्रोटेस्ला भरतं. तेवढाच परतीचा प्रवाह नेणारी तार 3 सेंटीमीटरवर ठेवली, तर दोन्ही क्षेत्रं एकमेकांना खोडतात आणि उरतं सुमारे 0.6. केबलमध्ये तारा अशा खेटून असतात. मात्र परतीचा प्रवाह न्यूट्रलऐवजी जमिनीतून किंवा नळाच्या पाइपातून गेला, तर हा हिशेब बिघडतो. शिवाय डोक्यावरची तार काही मीटर दूर असते, केबल पायाखाली जवळ येते. त्यामुळे अगदी तिच्या वर उभं राहिल्यास क्षेत्र पूर्वीपेक्षा जास्तही भरू शकतं, मात्र बाजूला सरकताच ते झपाट्याने घटतं. यात घाबरण्यासारखं काही नाही: 50 हर्ट्झच्या क्षेत्रासाठी सर्वसामान्य नागरिकांकरिता 2010 सालची आंतरराष्ट्रीय शिफारस 200 मायक्रोटेस्लाची आहे. क्षेत्र घटल्याचं श्रेय द्यायचंच, तर ते मातीला नव्हे, खेटून ठेवलेल्या तारांना द्यावं.