जुना बंब घेताना

‘बंब’ म्हटले की आजच्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे लाल रंगाची, घंटा वाजवीत धावणारी आगीची गाडी उभी राहते. ‘अभ्यास गेला बंबात’ असे वर्गात बिनदिक्कत म्हणणाऱ्यांपैकी कितीजणांनी आंघोळीचे पाणी तापवणारा बंब प्रत्यक्ष पाहिला असेल, हा प्रश्नच आहे. एक बंब आग विझवतो, दुसरा आग पोटात घेऊन पाणी तापवतो. या लेखात विचार करावयाचा आहे तो दुसऱ्याचा. आणि तोही कौतुकापुरता नव्हे, तर जुना बंब विकत घ्यायचा झाला तर तो कसा पारखावा आणि घेतल्यावर कामास कसा लावावा, एवढ्यापुरताच.

या विषयाकडे आम्ही वळलो ते एका चुकीमुळे. घरी विजेचा गीझर आला त्या वर्षी आजीचा बंब मोडीत गेला. दुकानदाराने तो तोलला, आतली बिडाची जाळी बाजूला काढली आणि तांब्याचे पैसे हातावर ठेवले. घडणावळीचा एक पैसाही आला नाही. मोडीत तो येत नसतोच. पुढे गावाकडचे घर नीट करायला काढले. तिथे दिवसाचे चार-पाच तास वीज नसायची आणि झावळ्या, करवंट्या, वाळक्या फांद्या यांना मात्र तोटा नव्हता. तेव्हा जे विकले तेच पुन्हा शोधत फिरण्याची वेळ आली.

प्रथम बंबाची रचना लक्षात घेऊ. बाहेरून तो तांब्याचा वा पितळेचा उभा, पोट सुटलेला पिंप दिसतो. तळाशी तीन पाय, बाजूंना उचलण्यासाठी दोन कड्या, खाली तोटी. पण त्याचे मर्म आत आहे. पिंपाच्या बरोबर मधून एक उभी नळी तळापासून माथ्यापर्यंत जाते. नळीच्या बुडाशी जाळी असते. जाळीवर विस्तव, जाळीखाली राख. जळण वरून नळीतच टाकतात. धूर आणि ज्वाळा त्याच नळीतून वर जातात आणि नळीभोवती सर्व बाजूंनी पाणी असते. चुलीवर ठेवलेल्या हंड्याला आच फक्त बुडाकडून लागते. बंबात आग पाण्याच्या पोटात असते. शिवाय नळी उंच असल्याने तापलेली हवा जोराने वर चढते, जाळीखालून ताजी हवा ओढली जाते आणि फुंकणीची गरज फारशी उरत नाही. रशियातील तुला शहर ज्यासाठी प्रसिद्ध आहे तो समोवार आणि काश्मिरी चहाचा समावार यांची रचनाही हीच. नळीत आग आणि भोवती पाणी हे तत्त्व आगगाडीच्या वाफेच्या इंजिनातही होते. तिथे एका नळीऐवजी अनेक नळ्या असत, इतकेच.

तांबेच का? तांब्यातून उष्णता लोखंडाच्या सुमारे पाचपट सहजतेने वाहते. तांबे गंजून झडत नाही, ठोकून हवा तसा आकार घेते आणि फुटले तर झाळता येते. वीस लिटर पाण्याचे तापमान चाळीस अंशांनी वाढवायला आठशे किलोकॅलरी उष्णता लागते. सुक्या लाकडाच्या एका किलोत साडेतीन ते चार हजार किलोकॅलरी असतात. म्हणजे हिशेबाने पाव किलो लाकूड पुरावे. प्रत्यक्षात बरीचशी उष्णता धुराबरोबर वर निघून जाते आणि जळण याच्या काही पट लागते. जळण ओले असेल तर त्यातले पाणी उडवण्यातच आणखी उष्णता खर्च होते. म्हणून बंबाला मोठे ओंडके नकोत. सुक्या ढलप्या, करवंट्या, कणसांची बुरकुंडे हेच त्याचे खरे खाद्य.

आता खरेदीकडे वळू. जुना बंब बहुधा तीन ठिकाणी मिळतो : जुन्या बाजारात, मोड घेणाऱ्या भांड्यांच्या दुकानात किंवा एखाद्या वाड्याची आवराआवर चाललेली असते तिथे. किंमत वजनावर ठरते. तेव्हा तोलण्यापूर्वी जाळी आणि राखेचे ताट बाहेर काढायला लावावे, नाही तर बिडाला तांब्याचा भाव पडतो. खिशात एक लोहचुंबक ठेवावे. तांबे व पितळ चुंबकाला चिकटत नाहीत; चिकटले तर वर मुलामा आहे आणि आत पत्रा आहे, असे समजावे.

पोचे आले म्हणून बंब नाकारू नये. पोचा काढता येतो. पाहायची ती नळी, कारण बंब मरतो तो नळीने. कागदाच्या द्रोणात पाणी घालून तो मेणबत्तीवर धरला तर पाणी तापते, पण कागद जळत नाही. पाणी उष्णता सतत ओढून घेते, त्यामुळे कागदाचे तापमान शंभर अंशांच्या फार वर जाऊ शकत नाही. बंबाच्या नळीचेही तसेच आहे. भोवती पाणी आहे तोवर ती सुरक्षित आहे. पाणी संपले आणि आग चालूच राहिली, की नळी लाल होईपर्यंत तापते. शिसे-कथलाचा मऊ डाग दोनशे अंशांच्या आतबाहेर वितळतो, तो आधी सुटतो. पितळी झाळ आठशे-नऊशे अंशांपर्यंत टिकते. पण तांबे स्वतः मऊ पडते आणि नळी पिचकते. आत कल्हई असेल तर तीही जाते, कारण कथील २३२ अंशांनाच वितळते. याशिवाय रात्रभर नळीच्या बुडाशी राहिलेली राख ओल धरते आणि त्या ओलीत धातू हळूहळू खाल्ला जातो.

म्हणून दुकानात दोन परीक्षा कराव्यात. पहिली उजेडाची : झाकण काढून पाण्याच्या बाजूला छोटी विजेरी सोडावी, वरचे तोंड कापडाने झाकावे आणि अंधारात नळीत डोकावून पाहावे. सुईएवढे भोकही ताऱ्यासारखे चमकते. दुसरी पाण्याची : बंब काठोकाठ भरून, बाहेरून कोरडा पुसून निदान तासभर ठेवावा, शक्य असल्यास रात्रभर. जाळीवर कोरडा कागद पसरावा. कागद भिजला तर नळी गळते. बाहेरच्या सांध्यावर हिरवट-पांढरे ओघळ दिसले तर तिथे पूर्वीपासून पाझर आहे.

आम्ही दुसरी परीक्षा केली नाही. विकणाऱ्याने “आत्ता पाणी कुठून आणू?” म्हटले आणि आम्हाला घाई होती. उजेडाच्या परीक्षेत भोक दिसले नाही, एवढ्यावर समाधान मानले. घरी आणून बंब भरला, दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो खाली तळे. नळी घासल्यावर कळले की बुडाजवळच्या चिरेत लांबीसारखा मसाला भरून त्यावर काजळी फासलेली होती. उजेड त्यातून दिसणार कसा?

बंब उचलून एका म्हाताऱ्या तांबटाकडे नेला. त्यांनी नळीत हात घातला, बाहेरून बोटाच्या पेराने ठोकत आवाज ऐकला आणि म्हणाले, “नळी गेली. पण अंग चांगलंय. असं अंग आता कोण करून देणार तुम्हाला? नळी मी करून देतो. नाहीतर मोडीत घाला, तुमची मर्जी.”

“काका, डाग देऊन भागणार नाही का?” आम्ही विचारले.

“भागेल. दिवाळीपर्यंत भागेल,” ते म्हणाले.

या उत्तरात दुरुस्तीचे सारे शास्त्र आले. अंगाला, म्हणजे बाहेरच्या पिंपाला, बारीक भोक असेल तर डाग पुरतो, कारण तिथे आग पोचत नाही. नळीला मऊ डाग कधीही देऊ नये. एखाद्या दिवशी पाणी खाली गेले की तो सुटणारच. नळीला पितळी झाळ हवी, आणि पत्रा पातळ झालेला असेल तर नळीच बदलायला हवी. जुनी नळी कापून काढतात. नवा पत्रा गुंडाळून त्याच्या कडांना दाते पाडतात, दाते एकमेकांत बसवून ठोकतात, सांध्यावर पितळेचा कीस आणि टाकणखार घालून भट्टीत तापवतात. टाकणखार वितळून धातूचा पृष्ठभाग स्वच्छ ठेवतो आणि पितळ सांध्यात शिरते. दात्यांमुळे जोड नुसता चिकटलेला राहत नाही, तर एकमेकांत अडकलेला राहतो.

अंगाचे पोचे काढण्याचीही रीत आहे. ठोकून ठोकून तांबे कडक होते. लाल होईपर्यंत तापवले की पुन्हा मऊ पडते. म्हणून तांबट आधी तो भाग तापवतो, मग आतून आधार देऊन बाहेरून ठोकतो. शेवटी अंगभर हातोडीचे एकसारखे ठसे उमटवतात, त्याला मठारकाम म्हणतात. पुण्यात कसबा पेठेतील तांबट आळी यासाठी प्रसिद्ध आहे. हे ठसे शोभेचे वाटतात, पण त्यांच्यामुळे मऊ पडलेला पत्रा पुन्हा कडक होतो आणि पातळ पत्र्यालाही बळ येते. यंत्रावर दाबून काढलेल्या भांड्याला नुसती ठशांची नक्षी असते. हातच्या कामात दोन ठसे अगदी सारखे नसतात.

तांबटाकडून परत आल्यावर उरलेले काम घरी करता येते. विहिरीचे वा बोअरचे पाणी जड असते. ते तापले की त्यातला चुना नळीवर बसतो आणि हा थर उष्णता अडवतो. जळण वाढते, पाणी तापत नाही. चिंचेचे दाट पाणी किंवा लिंबाचे सत्त्व कोमट पाण्यात घालून बंब रात्रभर भरून ठेवावा. फेस येऊन थर सुटतो. तीव्र आम्ल ओतण्याचा मोह टाळावा, कारण ते पितळेतले जस्त खाते. तोटी गळत असेल तर तिचा मधला खुंट काढून बारीक पूड व तेल लावून जागच्या जागी फिरवून घासावा. बाहेरून चिंच, मीठ आणि चाळलेली राख पुरे. वाळू किंवा तारेचा घासणा लावला तर मठारकाम झिजते. अंघोळीच्या पाण्याला आतून कल्हई लागत नाही. पण ते पाणी स्वयंपाकाला वापरायचे असेल तर चांगल्या कथलाची कल्हई हवीच.

पेटवण्याचे नियम जुन्या बायकांना पाठ असत. आधी पाणी, मग विस्तव. विझवताना आधी विस्तव काढायचा, मग पाणी. जेवढे गरम पाणी तोटीतून काढाल तेवढे गार वरून घाला. काही बंबांत वरच्या नरसाळ्यातून गार पाणी तळाशी जाते आणि गरम पाणी वरच्या तोटीतून आपोआप बाहेर पडते. असा बंब वापरताना रिकामा होत नाही, म्हणून नवख्याने तसाच घ्यावा. रोज राख काढावी. बंब गुणगुणू लागला तर घाबरू नये. नळीजवळ झालेले वाफेचे बुडबुडे गार पाण्यात फुटतात, त्याचा तो आवाज.

दोन गोष्टींत मात्र हयगय नको. पहिली झाकणाची. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे सोळाशे पट जागा मागते. बंबाचे झाकण सैल असते ते याचसाठी. ते घट्ट बसवणे किंवा बंब थेट बंद नळाला जोडणे म्हणजे घरात बिनपरवान्याचा बॉयलर ठेवणे होय. दुसरी, बंद न्हाणीघरात बंब कधीही पेटवू नये. जळणातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी त्याच्याकडे ओढले जाते. धूर संपून नुसते निखारे उरले म्हणजे धोका टळला, असे नाही. तो वायू निखाऱ्यांतूनही येतो. बंब मागच्या दारी, उघड्यावर, पडवीच्याही बाहेर. पूर्वीच्या घरांत त्याची जागा तिथेच असे.

मग प्रत्येकाने बंब घ्यावा काय? मुळीच नाही. शहरातील सदनिकेत त्याला जागा नाही आणि धुराने शेजाऱ्यांना त्रास होईल. छतावर ऊन असेल तर सौर तापक अधिक शहाणपणाचा. सरपण विकत आणावे लागत असेल तर हिशेब जमणार नाही. बंब शोभतो तो अंगण असलेल्या, पालापाचोळा आपसूक साठणाऱ्या घरात. काही लोक जुने बंब घेऊन त्यांत कुंड्या ठेवतात किंवा दिवे बसवतात. भट्टीत वितळण्यापेक्षा ते बरे. पण चांगली नळी असलेल्या बंबात झाड लावणे म्हणजे चालत्या बैलाला गोठ्यात बांधून ठेवणे.

आमच्या बंबाची नवी नळी आणि मजुरी मिळून जो खर्च आला, तो बंबाच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक होता. आजीचा बंब विकून आलेल्या पैशांत तर ती नळीही झाली नसती. नरकचतुर्दशीच्या पहाटे तो प्रथम पेटवला. जाळीवर पसरलेला कागद आदल्या रात्रभर कोरडा राहिला होता, हे पाहूनच काडी ओढली.

तेव्हा ज्यांच्या माळ्यावर अजून एखादा काळवंडलेला बंब पडून असेल, त्यांना एकच विनंती. मोडवाल्याला हाक मारण्यापूर्वी तो खाली उतरवा, काठोकाठ भरा आणि एक रात्र तसाच ठेवा. सकाळी कागद कोरडा निघाला तर तो विकू नका. ओला निघाला तरी आधी तांबटाला दाखवा.