तार, ताण आणि उसाचा फड

अहिल्यानगर–छत्रपती संभाजीनगर महामार्गावरचे घोडेगाव बाहेरच्या माणसाला कांद्यामुळे आणि जनावरांच्या बाजारामुळे माहीत असते. नेवासे तालुक्यातल्या या पट्ट्याची शेती मात्र मुळा धरणाच्या उजव्या कालव्यावर आणि विहिरींवरच्या विजेच्या मोटारींवर चालते. त्या मोटारींपर्यंत वीज येते ती बहुतांशी उघड्या, पोलादी गाभ्याच्या ॲल्युमिनियम तारेतून. वायरमनपासून ठेकेदारापर्यंत सगळे तिला 'एसीएसआर' म्हणतात. ऊसपट्ट्यात तिचे नाव चांगले नाही. फडावर लोंबकळणाऱ्या तारा, वाऱ्यात एकमेकींवर आदळून उडालेल्या ठिणग्या आणि पेटलेले पाचट, अशा बातम्या तोडणीच्या हंगामात राज्यभरातून येतात. तार हलकी होती, जुनी होती, ढिली होती, असे म्हणून विषय संपतो. मला हा निवाडा चुकीचा वाटतो. या तारेतल्या पोलादाने आपल्याला खांबांच्या खर्चात मोठी बचत करून दिली आणि ती बचत आपण दोनदा खर्च केली. पहिला खर्च शहाणपणाचा होता. फडातली आग दुसऱ्या खर्चातून येते.

तारेची रचना पाहिली की हे पटते. ॲल्युमिनियमची विद्युतवाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के, पण घनता तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. त्यामुळे तेवढाच रोध ठेवायचा तर ॲल्युमिनियमची तार वजनाने तांब्याच्या निम्मीच भरते. तांब्याचे साठे तुटपुंजे आणि बॉक्साइट भरपूर असलेल्या आपल्या देशाला तर हा सौदा फारच सोयीचा. अडचण एकच, शुद्ध ॲल्युमिनियम ताणाला कच्चे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेतल्या अल्कोआ कंपनीचे अभियंते विल्यम हूप्स यांनी जस्त चढवलेल्या पोलादी तारेभोवती ॲल्युमिनियमच्या तारा पिळून त्यावर तोड काढली. ब्रिटिश प्रघातानुसार आपल्याकडे या तारांच्या आकारांना प्राण्यांची नावे आहेत: स्क्विरल, वीझल, रॅबिट, डॉग, पँथर, झेब्रा, मूस. जनावरांच्या बाजाराच्या गावाला ते शोभतेही! खेड्यातल्या ११ केव्ही वाहिनीवर दिसणाऱ्या वीझलमध्ये २.५९ मिलिमीटर जाडीच्या सात तारा असतात, सहा ॲल्युमिनियमच्या आणि मधली एक पोलादाची. एक किलोमीटर वीझलचे वजन १२८ किलो आणि ती तुटायला सुमारे ११३६ किलोचा ताण लागतो. या ताकदीतला निम्म्याहून थोडा अधिक वाटा त्या एकट्या पोलादी तारेचा असतो. वीज वाहण्यात मात्र तिचा हातभार नगण्य. म्हणजे पोलाद आहे ते तार उंच धरायला, दोन खांबांतले अंतर वाढवायला. १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झाल्यावर देशभर कृषिपंपांच्या जोडण्या झपाट्याने वाढल्या, त्या या बारीक तारेच्या आणि विरळ खांबांच्या हिशेबावर. तो हिशेब नसता तर शेवटच्या विहिरीपर्यंत वीज जायला आणखी किती वर्षे लागली असती कोण जाणे.

आता झोळाचे गणित. तारेचा झोळ तिच्या वजनाच्या आणि खांबांतल्या अंतराच्या वर्गाच्या सम प्रमाणात, तर ताणाच्या व्यस्त प्रमाणात असतो. वीझल १०० मीटरच्या गाळ्यात ३२ अंशांना तिच्या ताकदीच्या चौथाई ताणाने ओढली तर मध्यभागी जेमतेम ५६ सेंटिमीटर झुकते. आठ मीटरचा सिमेंटचा खांब सहावा हिस्सा जमिनीत गेला तरी तार सहा मीटरच्या आसपास राहते. रस्ता सोडून इतरत्र ११ केव्हीपर्यंतच्या उघड्या तारेला किमान ४.६ मीटर उंची १९५६ च्या वीज नियमांनी ठरवली आणि २०१० च्या नियमावलीने ती कायम ठेवली. इथवर सगळे ठीक आहे. आता मधला एक खांब वादळात पडला आणि पुन्हा उभा राहिलाच नाही, असे धरा. गाळा २०० मीटरचा झाला. ताण तेवढाच राहिला असता तर झोळ चौपट, म्हणजे सव्वादोन मीटर झाला असता. प्रत्यक्षात ताण थोडा वाढतो आणि झोळ दोन मीटरच्या जवळपास थांबतो. नियमातले ४.६ मीटर तिथेच धोक्यात येतात आणि खाली चार मीटरचा ऊस उभा असतो. इतके होऊनही तार तुटत नाही. पोलाद तिला धरून ठेवते, म्हणूनच खांब पडल्याची निकड कुणाला वाटत नाही. दुसऱ्यांदा खर्च झालेली बचत ती हीच.

तार उन्हाने आणि भाराने ढिली पडते त्याचे काय, असा आक्षेप येईल. तो खरा आहे, आणि वर दिलेल्या आकड्यांना तो आणखी धार लावतो. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या दुप्पट पसरते. त्याच १०० मीटरच्या गाळ्यात तार ३२ वरून ७२ अंशांवर गेली तर झोळ दुपटीच्या वर जातो. पण ही वागणूक तार बनवणाऱ्याला आणि ओढणाऱ्याला आधीपासून माहीत असते. तार ओढताना त्या दिवशीचे तापमान पाहून झोळ ठरवायचे तक्ते त्यासाठीच असतात. ते बाजूला ठेवून नजरेच्या अंदाजाने तार ताणली तर तो दोष तारेत जात नाही. भाराचेही तसेच. वीझलचा रोध किलोमीटरला सुमारे ०.९३ ओहम. दहा किलोमीटरच्या वाहिनीच्या टोकाला ५० अँपिअर भार धरला तर तीन तारांत मिळून सुमारे ७० किलोवॉट नुसती उष्णता होते. रॅबिटमध्ये हाच आकडा ४१ आणि डॉगमध्ये २१. भार दुप्पट झाला की नुकसान चौपट. वर टोकाला दाब पडला की मोटार जास्त प्रवाह ओढते, म्हणजे तार आणखी तापते. जोडण्या वाढत गेल्या आणि तार तीच राहिली, तर तिने करायचे काय? तुटलेली तार हाताने पिळून जोडली जाते तिथे तर पोलादाची अखंडताही जाते. ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा पापुद्रा सांध्यात उष्णता वाढवतो, आणि पुढची ठिणगी बऱ्याचदा तिथूनच पडते.

मग उघडी तार काढून आवरण असलेली केबल का टाकू नये? गावठाणात, शाळेजवळ, उसाच्या मधोमध जाणाऱ्या लघुदाब वाहिनीवर जरूर टाकावी. तिथे ती ठिणगी थांबवते. पण केबल उघड्या तारेपेक्षा जड आणि महाग. ती पेलायला खांब जवळजवळ हवेत. म्हणजे जो खर्च टाळण्यासाठी आपण इतकी वर्षे डोळेझाक केली तो केबलच्या नावाने करावाच लागणार. पोलादाशिवायची, ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची तार हा दुसरा पर्याय. कोकणात खाऱ्या हवेने जस्त उतरून पोलाद गंजते, तिथे तिचे पारडे जड. नेवाशाच्या कोरड्या हवेत गंजाची ती भीती कमी, आणि खांब पडलेला असेल तर मिश्रधातूची तारही लोंबकळणारच.

राहिला सौरऊर्जेचा मुद्दा. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली. उपकेंद्राजवळच्या प्रकल्पातून शेतीला दिवसा वीज द्यायची हा तिचा गाभा, आणि रात्रीच्या पाळीला कंटाळलेल्या शेतकऱ्याची ही जुनीच मागणी. त्यामुळे तारांचा प्रश्न आपोआप सुटेल असे मात्र नाही. उपकेंद्रापासून विहिरीपर्यंत वीज त्याच वाहिनीवरून जाणार. शिवाय रात्रीच्या गारव्यात वाहणारा भार आता भर दुपारी, तार आधीच उन्हाने तापलेली असताना वाहील, म्हणजे दिवसातला सर्वांत मोठा झोळ आणि सर्वांत मोठा भार एकाच वेळी येतील. जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला अडसाली ऊस मे महिन्यात नऊ-दहा महिन्यांचा, चांगला उंच झालेला असतो. वाहिनीची उंची मोजायची तर ती जानेवारीच्या सकाळी मोजून उपयोग नाही. मे महिन्यात दुपारी दोन वाजता, मोटारी चालू असताना मोजावी लागेल.