मूड सावरला, पण चेहऱ्याचं काय?

महागडा फेसवॉश झाला, मुलतानी माती झाली, मावशीने सांगितलेला चंदनाचा लेपही झाला. तरी पिंपल्स काही हटत नाहीत? आणि तेही पंचविशी ओलांडल्यावर? मग आरसा बाजूला ठेवा आणि औषधांच्या डब्यात डोकावा. तिथे लिथियमची गोळी असेल, तर उत्तर कदाचित तिथेच सापडेल.

ऑस्ट्रेलियातल्या डॉ. जॉन केड यांनी उन्मादाच्या पेशंटना लिथियमचा फायदा होतो हे १९४९ साली मांडलं. बायपोलर डिसऑर्डरमध्ये मूडचे टोकाचे चढउतार थोपवायला ते आजही वापरतात. पण काहींच्या त्वचेला ते मानवत नाही. हे पिंपल्स नेहमीच्या तारुण्यपिटिकांपेक्षा जरा वेगळे असतात. ब्लॅकहेड्स फारसे नसतात, सगळे पुरळ साधारण एकसारखे दिसतात आणि चेहऱ्यासोबत दंडांवर, मांड्यांवरही उठतात. त्यामुळे ‘चेहरा नीट धूत नाहीस’ हे टोमणे विसरा!

गोळी बंद? थांबा!

समोर इंटरव्ह्यू असतो, साखरपुड्याचे फोटो असतात. गोळी सोडली की चेहरा साफ, हे गणित सोपं वाटतं. पण लिथियम एकदम थांबवलं तर आजार जोरात उलटू शकतो. मग नोकरी, नाती, कधीकधी जीवसुद्धा पणाला लागतो. म्हणजे आगीतून फुफाट्यात! डोस कमी करणं किंवा औषध बदलणं हे मानसोपचारतज्ज्ञांनीच ठरवायचं.

स्किनवाल्यांपासून काय लपवायचं?

नाशिक वाढलं तरी गंगापूर रोडच्या क्लिनिकमध्ये कुणीतरी ओळखीचं भेटतंच. म्हणून स्किन स्पेशालिस्टसमोरही ‘दुसरी औषधं नाहीत’ असं सांगून आपण मोकळे होतो. इथेच घोळ होतो. सुरुवात बहुतेकदा बेन्झॉइल पेरॉक्साइड किंवा अ‍ॅडापलीनसारख्या क्रीमने होते. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात, तेवढा धीर धरा. पण पोटातून घ्यायची काही अँटिबायोटिक्स रक्तातलं लिथियम वाढवू शकतात. आयसोट्रेटिनॉइन घेताना मूडवर लक्ष ठेवावं लागतं आणि गरोदरपणात तर ते अजिबात चालत नाही. बोलायला संकोच वाटतो? मग प्रिस्क्रिप्शनच समोर ठेवा.

हे लक्षात ठेवा

• ‘पिंपल्स आहेत ना, मीठ सोड’ हा घरचा सल्ला लिथियमवर असताना धोक्याचा. मीठ किंवा पाणी एकदम कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं. नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात, अंजनेरीच्या ट्रेकला किंवा निर्जळी उपासाआधी हे आठवा.

• डोकं दुखलं म्हणून आयब्रुफेन परस्पर घेऊ नका. त्यानेही पातळी चढते. हात जास्त थरथरले, उलट्या-जुलाब झाले, तोल जाऊ लागला, तर लगेच डॉक्टर गाठा.

• मेडिकलमधून स्टेरॉइड क्रीम आणून लावू नका. त्यानेही पिंपल्स येतात.

• व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या मुलींना पिंपल्सबरोबर पाळीही अनियमित झाली, तर डॉक्टरांना सांगा. पीसीओएस तपासावं लागेल.

• लॅमोट्रिजीन किंवा कार्बामाझेपीन सुरू केल्यावर अंगभर पुरळ, ताप किंवा तोंडात फोड आले, तर ते पिंपल्स समजू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

मनाविषयी कुणाशी तरी बोलावंसं वाटलं, तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास आहे आणि ती मोफत आहे. पिंपल्सवर उपाय आहेत, थोडा वेळ लागेल इतकंच. तोवर गोळी मात्र चुकवू नका!