माझगावचा शनिवार

२०२४ साली ३ ऑक्टोबर रोजी, आश्विन शुद्ध प्रतिपदेस, आपल्या घरोघरी घट बसले. त्याच दिवशी भायखळा, आग्रीपाडा आणि ठाणे येथील काही मराठी घरांतून ‘नव्याचा सण’ साजरा होत होता. दोन वर्षांमागे, २६ सप्टेंबर २०२२ रोजीही असाच योग जुळून आला होता. या घरांची आडनावे दिवेकर, अष्टमकर, केहिमकर, चेऊलकर अशी अस्सल कोकणी, बोली मराठी, स्वयंपाकघरात नारळ आणि कोकम. परंतु देव्हारा नाही. ही घरे बेने इस्रायल म्हणजे यहुदी समाजाची. त्यांचे पंचांगही आपल्यासारखेच चंद्राने चालणारे व सूर्याशी मेळ राखणारे. ते १९ वर्षांत ७ अधिक महिने धरतात. त्यामुळे त्यांच्या तिश्री महिन्याची प्रतिपदा कधी आपल्या घटस्थापनेच्या आगेमागे, तर कधी महिनाभर आधी येते.

त्यांच्या सणांना हिब्रू नावे आहेतच. पण कोकणातील आजीपणजींनी त्यांना दिलेली नावे ऐकावीत! वर्षारंभाचा तो नव्याचा सण, त्यानंतर खिरीचा सण, मग दारे लावून घेऊन दिवसभर निराहार राहावयाचा दारफाळणीचा सण. जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाल्याच्या शोकदिनी वालाचे बिरडे होते, म्हणून तो बिरड्याचा सण. ज्या घरात पोथी उरली नव्हती त्या घराने पंचांग स्वयंपाकघरात जपून ठेवले, असेच म्हणावयास हवे.

पोथी का उरली नाही, याची कथा ते अशी सांगतात. पुष्कळ शतकांपूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी एक गलबत फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. बाकीच्यांना किनाऱ्यावर मूठमाती मिळाली. धर्मग्रंथ समुद्रात गेले. वाचलेल्यांच्या वंशजांनी तेलघाण्याचा धंदा पत्करला आणि गावोगावी ते पसरले. त्यांच्याजवळ थोडेच उरले होते : आठव्या दिवशी मुलाची सुंता, आहाराचे काही नियम, एक प्रार्थना आणि शनिवार. शनिवारी ते घाण्याला बैल जुंपीत नसत, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणू लागला. त्या एका प्रार्थनेचा पहिला शब्द ‘शेमा’, म्हणजे ‘ऐक’. नवविधा भक्तीत श्रवणाला पहिले आसन देणाऱ्या आपल्या वाचकांस त्यात परके असे काही वाटू नये.

अठराव्या शतकात ही मंडळी मुंबईस येऊ लागली. कोणी पलटणीत, कोणी गोदीत, कोणी सुतारकामात शिरले. १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईतील पहिले सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, उभारले. १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली. हीच माझगावची पुढची सर एली कदूरी शाळा. रिबेका रूबेन या विदुषी १९२२ पासून १९५० पर्यंत तिच्या मुख्याध्यापिका होत्या. माझगाव हे नाव या समाजाच्या तोंडी इतक्या मायेने का येते, ते या शाळेमुळे कळते. आज तेथील बहुसंख्य विद्यार्थी मुसलमान आहेत. स्वातंत्र्याच्या सुमारास वीस हजारांच्या घरात असलेला हा समाज १९४८ नंतर मोठ्या संख्येने इस्रायलला गेला. २०११ च्या जनगणनेत सर्व पंथांचे यहुदी मिळून साऱ्या भारतात पाच हजारही भरले नाहीत. जून २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने त्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला.

आता विचार करावा, अशा समाजातील चौदा वर्षांच्या मुलाची अवस्था काय असेल? वर्गात तो एकटा, चाळीत त्याचे घर एकटे. गणपतीत तो ताशा वाजवितो, दिवाळीत किल्ला करतो, आणि शनिवारी सकाळी आपण कोठे जातो हे मित्रांना सांगताना अडखळतो. यावर उपाय म्हणून थोरांनी मुलांना एकत्र आणण्याची रीत फार पूर्वीच घातली. गेल्या शतकात मुंबईत हबोनिम आणि बनेई अकिवा या यहुदी तरुणांच्या संघटनांच्या शाखा होत्या. १९६४ पासून येथे काम करणाऱ्या ‘जॉइंट’ या अमेरिकन यहुदी संस्थेने पुढे तरुणांची मंडळे व शिबिरे चालविली. शुक्रवारच्या सूर्यास्तापूर्वी जमावे, शनिवारी रात्री पांगावे; मध्ये प्रार्थना, जेवण, गाणी आणि गप्पा.

असा एक शनिवार मी पाहिला. माझगावातील एका सद्गृहस्थांनी दोन वर्षांपूर्वी पौष महिन्यात मला मुद्दाम बोलाविले. आमंत्रणाचे कारण पुढे येईलच. जुन्या इमारतीतील त्यांचे घर. तेथे तेरा ते सतरा वर्षांची अकरा मुले-मुली जमली होती. ठाण्याची मुले आदल्या दिवशी दिवेलागणीपूर्वीच मुक्कामास आली होती. कारण शब्बाथच्या दिवशी वाहनात बसावयाचे नाही, विस्तव पेटवावयाचा नाही, लिहावयाचेही नाही. मी खिशातून टिपणवही काढली तेव्हा एका मुलाने हसत, पण आदराने सांगितले, “बुवा, आज नको.” वही परत खिशात गेली. त्यामुळे हे सारे स्मरणाने लिहीत आहे.

आपल्याकडे व्रत म्हटले की उपवास, आणि उपवास म्हटले की दुप्पट खाशी! त्यांचा शनिवार मात्र उघडउघड सुग्रास जेवणाचा. शुक्रवारीच रांधून ठेवलेले नारळाच्या रसातील कालवण, पापलेट, भात. मांस आणि दूध एकत्र करावयाचे नाही या नियमाला कोकणच्या नारळाने असा काही हात दिला आहे की, मोशे जर कोकणात येता तर प्रसन्न झाला असता. द्राक्षमद्य मिळेना, तेव्हा पूर्वजांनी मनुका भिजवून त्यांचे सरबत केले आणि त्यावरच आशीर्वाद म्हटला. ती रीत अजूनही आहे.

दुपारी मुले गोलाकार बसली. आधी क्रिकेट झाले, मग सिनेमा झाला, मग एका मुलाने विचारले, “आजी, कोळंबी का खायची नाही? शाळेत सगळे डब्यात आणतात. ‘ग्रंथात लिहिलंय’ एवढंच कारण का?” गृहस्थांच्या मातोश्री कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी दावीद रहाबीची गोष्ट सांगितली. परदेशातून आलेला हा यहुदी कोकणात या लोकांना भेटला. हे खरोखर आपलेच का, हे पाहण्यासाठी त्याने बायकांपुढे नाना तऱ्हेची मासळी ठेविली. बायकांनी पर व खवले असलेली तेवढी निवडली, बाकीची बाजूस सारली. रहाबीला खूण पटली. त्याचा काळ कोणता याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पण आजी म्हणाल्या ते असे : “पुस्तक नव्हतं रे आपल्याकडे. ताट होतं. ताटावरून त्यानं ओळखलं.” मुलगा गप्प झाला. पटले असेल असे नाही. पण आपला प्रश्न कोणी थट्टेवारी नेला नाही, एवढे त्याला कळले.

हे पाहून मी मनात ओशाळलो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका मुंजीच्या वेळी बटूने मला विचारले होते की, संध्या केली नाही तर काय होते. मी त्याला दटावून गप्प केले होते. उत्तर मला देता आले असते. गडबड होती, मुहूर्त टळत होता, ही सबब. त्या मुलाने पुढे संध्या केली की नाही, मला ठाऊक नाही.

मुलांचे आणखीही प्रश्न होते, आणि ते कोळंबीइतके सोपे नव्हते. शनिवारी परीक्षा आली तर? थोरला भाऊ इस्रायलमध्ये अश्दोद येथे आहे, मीही जावे की येथेच राहावे? गेलेली भावंडे सांगतात की तेथे त्यांना ‘हिंदी’ म्हणतात आणि येथे शेजारी ‘तुमचा देश’ म्हणून इस्रायलची चौकशी करतात. थोरांपैकी एकजण म्हणाले की, १९६४ पर्यंत तेथील धर्मपीठ आपल्या विवाहांविषयी शंका काढीत होते. आंदोलन करावे लागले, तेव्हा बरोबरीचा मान मिळाला. मात्र जावे की राहावे, याचे उत्तर त्यांनी दिले नाही, आणि ते मला योग्यच वाटले. एक मुलगी तेवढ्यात म्हणाली, “तिकडे गेले तरी मी मराठी सोडणार नाही.” हा निव्वळ बालहट्ट नव्हे. तेथे गेलेल्या मंडळींनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक कित्येक वर्षे चालविले आहे.

मग ती मुलगी माझ्याकडे वळली. “बुवा, कीर्तन तर हिंदूंचं ना? मग आमच्या पणजोबांनी कसं केलं?”

माझ्या आमंत्रणाचे कारण हेच होते. १८८० च्या सुमारास मुंबईतील काही बेने इस्रायल तरुण हिंदू हरिदासांची कीर्तने ऐकून भारावले. समाजाला हिब्रू फारशी कळत नव्हती; मराठी कळत होती. बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि त्यांचे सहकारी यांनी अब्राहामाचे चरित्र कीर्तनरूपाने मांडले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत अशी आणखी कीर्तने रचून गाइली गेली. मूर्ती नाही, गणेशवंदन नाही. आरंभी एका निराकार परमेश्वराचे स्तवन. परंतु चाल तीच. साकी, दिंडी, कामदा, पद. हार्मोनियम आणि झांज. योसेफाला भावांनी विकले तो प्रसंग दिंडीत ऐकून माजघरातील बाया डोळ्यांना पदर लावीत, असे यजमानांनी वडिलांकडून ऐकले होते. त्यांच्या आजोबांची हार्मोनियम चादरीखाली झाकून कोपऱ्यात ठेवली होती.

मी मुलीला एवढेच सांगितले की, कीर्तनाला भक्त आणि देव लागतो, त्यांची नावे कोणती हे कीर्तनकाराने ठरवायचे. तिने लगेच विचारले, “मग आत्ता करू या का?” पण चादर काढता येईना. शब्बाथमध्ये वाद्य वाजवावयाचे नाही. आकाशात तीन तारे दिसेपर्यंत थांबावयास हवे.

सारी मुले गच्चीवर धावली. गोदीतील दिव्यांच्या उजेडात मुंबईचे आकाश ते काय दिसणार! एक तारा गवसला, दुसरा विमान निघाला. बऱ्याच वेळाने तिसऱ्यावर एकमत झाले. खाली येऊन पीळ घातलेली मेणबत्ती पेटविली गेली, मसाल्याची डबी हातोहात फिरली, प्रत्येकाने वास घेतला, आणि मनुकांच्या सरबतात ज्योत विझली. शनिवार संपला. मग चादर निघाली.

भाता दोन ठिकाणी फाटलेला होता, पण सूर लागले. मी साकीची चाल धरून दाखविली. यजमानांना योसेफाच्या आख्यानातील चार-सहा पदे येत होती, ती त्यांनी म्हटली. मुले पहिल्यांदा हसली, दुसऱ्यांदा ताल धरू लागली. ती मुलगी तिसऱ्या पदापर्यंत चाल अचूक उचलून गात होती. माझ्या कानाला एके ठिकाणी खटकले ते मी बोललो नाही.

निघताना दारात आजी एका मुलाला थांबवून बोलत होत्या. तो नुकताच तेरा पुरा झाला होता. यहुदी धर्मात तेराव्या वर्षी मुलगा धर्मकर्माचा अधिकारी होतो, आणि सामुदायिक प्रार्थनेला असे दहा पुरुष लागतात. नऊ असतील तर ती पूर्ण होत नाही. भायखळ्याच्या सिनेगॉगमध्ये अलीकडे नऊ भरतात, दहाव्यासाठी वाट पाहावी लागते.

“शुक्रवारी उजेड आहे तोवरच मावशीकडे मुक्कामाला ये,” आजी म्हणाल्या. “सकाळी काकांबरोबर चालत जा.”

“आणि झोप लागली, उशीर झाला तर?”

“थांबतील की. तू आल्याशिवाय त्यांना सुरू कुठं करता येणार आहे?”

मुलगा पायांत चपला अडकवीत जिना उतरू लागला. त्याला ठाण्याची गाडी गाठावयाची होती.