विस्तारित पल्ल्याची विद्युत गिटार : दांडीचे आकार आणि वादनसुलभता

नेहमीच्या सहा तारांऐवजी सात, आठ किंवा नऊ तारा असलेल्या विद्युत गिटारला विस्तारित पल्ल्याची गिटार म्हणतात. वाढलेल्या तारा बहुधा खर्जाच्या बाजूस असतात. सहा तारी गिटारची सर्वांत खालची तार प्रचलित जुळणीत सुमारे ८२.४ हर्ट्झला लावतात. सात तारींत ती ६१.७ आणि आठ तारींत ४६.२ हर्ट्झपर्यंत उतरते. तारा वाढल्या की त्यांना सामावून घेणारी दांडी रुंद करावी लागते आणि वादनाच्या सुखसोयीचा प्रश्न तेथून सुरू होतो. गिटारवादक या भागाला 'नेक' म्हणतात. मराठीत काही जण त्याचे 'मान' असे शब्दशः भाषांतर करतात. परंतु सतारीच्या परंपरेत 'दांडी' हा नेमका शब्द पूर्वीपासून आहे आणि तोच अधिक सरस म्हणावा लागेल.

पार्श्वभूमी

सात तारी गिटारचा प्रयोग नवा नाही. अमेरिकन जॅझ वादक जॉर्ज व्हॅन एप्स यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस एपिफोन कंपनीकडून असे वाद्य घडवून घेतले. त्याला व्यापक प्रसिद्धी मात्र १९९० मध्ये आली. त्या वर्षी आयबानेझ या जपानी कंपनीने स्टीव्ह वाय यांच्यासाठी आखलेली 'युनिव्हर्स' ही सात तारी गिटार बाजारात आणली. त्यानंतर कॉर्न आणि स्वीडनच्या मेशुगा या वाद्यवृंदांमुळे अनुक्रमे सात व आठ तारी वाद्ये मेटल संगीतात रुळली.

रुंदी

दांडीची रुंदी नटपाशी, म्हणजे खुंट्यांकडील टोकाच्या खाचपट्टीपाशी मोजतात. सहा तारी विद्युत गिटारमध्ये ती साधारण ४२ ते ४३ मिलिमीटर, सात तारींमध्ये सुमारे ४८, तर आठ तारींमध्ये सुमारे ५५ मिलिमीटर असते. बारा मिलिमीटरचा हा फरक कागदावर किरकोळ दिसतो. पण खर्जाच्या तारेपर्यंत बोट नेताना अंगठा दांडीच्या मागे अधिक खाली सरकवावा लागतो आणि मनगट पुढे वाकते. सहा तारी गिटारवर अंगठा वरच्या कडेवरून पुढे काढून वाजवण्याची जी सैल पकड अनेकांना सवयीची असते, ती आठ तारींवर बहुतेकांना जमत नाही. अंगठा दांडीच्या पाठीमागे मध्यभागी ठेवण्याची अभिजात गिटारची पद्धत येथे जवळजवळ अनिवार्य ठरते.

पाठीचा आकार

दांडी आडवी कापली असता तिच्या पाठीचा जो आकार दिसतो, त्यावरून रोमन लिपीतील सी, डी, यू आणि व्ही या अक्षरांची नावे रूढ झाली आहेत. सी म्हणजे सर्वत्र गोलाई असलेला, डी म्हणजे मध्यभागी काहीसा सपाट व कडांना वळलेला, यू म्हणजे भरीव खांद्यांचा, तर व्ही म्हणजे मध्यरेषेवर उंचवटा असलेला आकार. रुंद दांडीला पूर्ण गोलाई दिली तर ती हातात जाडजूड लागते. त्यामुळे विस्तारित पल्ल्याच्या गिटारींमध्ये सपाट डी आणि पातळ सी हे आकार अधिक आढळतात.

पातळ दांडी नेहमीच सुखकर असते, हा समज मात्र तपासून घेण्यासारखा आहे. पातळ दांडीवर बोटे लवकर पोहोचतात, हे खरे. पण तळहाताला आधार न उरल्याने अंगठा चिमटीसारखा दाब देऊ लागतो आणि लांबलेल्या वादनात अंगठ्याच्या मुळाशी थकवा येतो. मोठ्या तळहाताच्या वादकाला किंचित भरीव दांडी अधिक मानवते, ती याच कारणाने.

पातळपणाला यांत्रिक मर्यादाही आहे. दांडीचा ताठपणा रुंदीच्या सम प्रमाणात, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. १९ मिलिमीटर जाडीची दांडी १७ मिलिमीटरवर आणली, तर इतर गोष्टी तशाच राहिल्यास ताठपणा सुमारे २८ टक्क्यांनी घटतो. तारा वाढल्या की एकूण ताणही वाढतो. म्हणून अशा दांड्या मेपल, अक्रोड इत्यादी लाकडांचे पट्टे चिकटवून करतात आणि काही ठिकाणी आत कार्बन तंतूंच्या सळ्या बसवतात.

या कोंडीतून मार्ग काढण्याचे दोन प्रयोग उल्लेखनीय आहेत. स्वीडनच्या ओला स्ट्रँडबर्ग यांच्या दांडीची पाठ गोल नसून सपाट पैलूंची असते आणि तो पैलू खुंट्यांकडून खोडाकडे जाताना तिरपा सरकतो. त्यामुळे अंगठ्याची नैसर्गिक जागा आपोआप बदलत जाते. अमेरिकेतील जेरोम लिटल यांच्या 'टॉर्झल' दांडीला तर लांबीभर पीळच दिलेला असतो.

तारेची लांबी

तारेची लांबी वाढवली आणि स्वर तोच ठेवला, तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. २५.५ इंचांऐवजी २७ इंच लांबी घेतल्यास तीच तार सुमारे १२ टक्के अधिक ताणली जाते. खर्जाच्या तारेचा ढिलेपणा त्याने जातो, पण पडद्यांमधील अंतर वाढून बोटे अधिक फाकवावी लागतात. यावर उपाय म्हणून पंख्यासारखे तिरपे पडदे बसवतात : खर्जाची तार लांब, टीपेची आखूड. राल्फ नोव्हाक यांना याचे अमेरिकन पेटंट १९८९ मध्ये मिळाले. मात्र सोळाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात प्रचलित झालेल्या ऑर्फेरियन या वाद्यातही तिरपे पडदे आढळतात.

सतारीशी तुलना

मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तेथे घडणाऱ्या सतारीची दांडी आठ तारी गिटारपेक्षाही बरीच रुंद, सुमारे तीन इंच असते, तरी रुंदीबद्दल सतारवादकाची तक्रार नसते. याचे कारण वादनपद्धतीत आहे. सतारीवर मुख्यत्वे बाजाच्या तारेवर तर्जनी व मध्यमा चालतात आणि रुंदीचा उपयोग मींडेसाठी तार आडवी खेचण्याकडे होतो. गिटारवर चारही बोटांनी सर्व तारांपर्यंत पोहोचावे लागते आणि अनेकदा एकाच वेळी अनेक तारा दाबाव्या लागतात. रुंदी तीच, पण एका वाद्यात ती सोय ठरते आणि दुसऱ्यात अडचण.

हवामान आणि देह

पुणे परिसरात, मुळशी तालुक्यातील हिंजवडीसह, जून ते सप्टेंबर हवा दमट आणि मार्च-एप्रिलमध्ये फार कोरडी असते. दमट हवेत लाकूड फुगते, कोरड्या हवेत आकसते. फ्रेटबोर्ड आकसला की पडद्यांची धातूची टोके कडेला बाहेर येऊन तळहाताला बोचतात. रुंद व पातळ दांडीत बाकही लवकर बदलतो. हा बाक आतील ट्रस रॉड नावाची सळई फिरवून सुधारता येतो. ती एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये.

हिंजवडीतील राजीव गांधी इन्फोटेक पार्कसारख्या ठिकाणी दिवसभर कळफलकावर काम करून संध्याकाळी आठ तारी गिटार हाती घेणाऱ्याच्या मनगटावर दोन्हींचा भार पडतो. मनगट दीर्घकाळ वाकलेले राहिल्यास त्यातील मज्जातंतूवर दाब येतो. गिटार उजव्या मांडीऐवजी डाव्या मांडीवर घेऊन दांडी वर उचलली की मनगटाचा बाक कमी होतो. बोटांत मुंग्या येत असतील, तर दांडी बदलण्याआधी वादन थांबवून वैद्यकीय सल्ला घ्यावा लागतो.