पीएसए वाढलं म्हणजे कॅन्सरच का?

पन्नाशीनंतरच्या तपासणीत ‘पीएसए’चा आकडा ४ च्या वर दिसला की घरात सगळ्यांचाच जीव टांगणीला लागतो. पीएसए म्हणजे कॅलिक्रीन गटातलं एक एन्झाइम. या गटाची १५ जनुकं १९ व्या गुणसूत्रावर शेजारी-शेजारी आहेत.

पीएसएचं मूळ काम निरुपद्रवी आहे: घट्ट झालेलं वीर्य पातळ करायचं, म्हणजे शुक्राणूंना पोहता येतं. प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारं हे एन्झाइम रक्तात एरवी जेमतेम उतरतं. ग्रंथीत बिघाड झाला की जास्त झिरपतं. पण बिघाड कॅन्सरचाच असतो असं नाही. वयामुळे वाढलेली प्रोस्टेट, लघवीचा संसर्ग, अगदी आदल्या दिवशीचा शरीरसंबंधही आकडा वर नेतो (हे शेवटचं लॅबमध्ये सहसा कुणी विचारत नाही!). उलट ४ च्या आत आकडा असूनही कॅन्सर सापडतो. म्हणून डॉक्टर बहुतेकदा काही आठवड्यांनी चाचणी पुन्हा करायला सांगतात. बायोप्सीचा विचार त्यानंतर.